शी कोणी पाहिली?

डॉक्टरकीच्या शेवटच्या टप्प्यात मला वाटत होतं की आपण आता लोकांचे प्राण वगैरे वाचवणार. प्रत्यक्षात ज्या विभागात माझी नेमणूक झाली तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच विषय होता, तो म्हणजे लहान मुलांची शी. किती वेळा होते, घट्ट की पातळ, वास कसा, रंग कुठला. आमच्या गावी, महाडजवळच्या तुडीलला, आईने शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं की पोरगा पोटाच्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकतोय. एक शेजारीण नातवाला घेऊन कौतुकाने आली, तर मी पाच मिनिटं त्याच्या शीचीच चौकशी करत बसलो. ती परत काही आली नाही.

महाडच्या त्या हॉस्पिटलात मी मागून नेमणूक घेतली होती. कॉलेज मुंबईला, पण ग्रामीण भागात काही महिने काढावेच लागतात, तर मग घरचं जेवण का सोडा? शिवाय माझा एक ठाम समज होता की मी इथलाच असल्यामुळे इथल्या माणसांबद्दल मला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. बरोबरची मुंबई-पुण्याची पोरं पेशंटांची बोली ऐकून गांगरायची, तेव्हा मी दुभाष्याच्या रुबाबात मध्ये पडायचो. स्वतः मात्र पेशंटांशी अगदी शुद्ध पुणेरी बोलायचो. पांढरा कोट अंगात असताना ‘हाय’ आणि ‘नाय’ तोंडून निघणं मला कमीपणाचं वाटायचं.

लहान मुलांच्या पोटविकारांचे आमचे सर दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुंबईहून यायचे. आल्यावर आधी चहा, मग नळाखाली इतका वेळ हात धुणं की टाकीतलं पाणी संपेल की काय असं नर्सला वाटावं. त्यानंतर दुपारपर्यंत पन्नास-साठ पोरं. प्रत्येक पोराची माहिती आम्ही विद्यार्थ्यांनी आधी घेऊन कागदावर लिहून ठेवायची, सरांनी ती वाचायची, पोट दाबून बघायचं आणि निर्णय द्यायचा, अशी पद्धत होती. त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असायचा, ‘कोणी पाहिलं?’ ताप होता म्हटलं की कोणी पाहिला. उलटी हिरवी होती म्हटलं की कोणी पाहिली. आम्ही मेसमध्ये त्यांची नक्कल करायचो. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं की समोरचा विचारायचा, कोणी पाहिलं?

सरांची दुसरी आवडती वस्तू म्हणजे शीच्या रंगांचा तक्ता. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी रंग निवडायला देतात तसाच प्लास्टिकचा कागद, फक्त चौकोनांऐवजी शीचे फोटो. वरच्या ओळीत पांढुरके, मातकट, फिकट, खालच्या ओळीत पिवळे आणि हिरवट. खालची ओळ चांगली आणि वरची वाईट. कारण असं की काही थोड्या बाळांमध्ये यकृतातून पित्त आतड्यात आणणारी नळीच बंद होते. शीला पिवळा रंग येतो तो या पित्ताने. ते उतरलंच नाही तर शी पांढरी पडते आणि सगळं पित्त यकृतात साचून यकृत खराब होत जातं. बाळ दिसतं गुटगुटीत, दूध पितं, हसतं, फक्त डोळे पिवळे. जन्मापासून दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर ते यकृत वाचण्याची बऱ्यापैकी आशा असते. त्यानंतर जाईल तो दिवस वाईट. या आजारावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती, आकृतीसकट. तक्ता आमच्या ओपीडीच्या दारामागे एका खिळ्याला टांगलेला होता. त्याच खिळ्याला मी माझी बॅग अडकवायचो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पेशंटच्या कागदावर सगळ्यात वर एक रकाना असतो, माहिती कोणी दिली आणि तिच्यावर भरवसा किती. पुस्तकात या रकान्याचं मोठं महत्त्व सांगितलेलं आहे. आम्ही तो पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत भरून टाकायचो. माहिती देणारी, आई. भरवसा, उत्तम.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका शनिवारी एक मामा, त्याची बहीण आणि तिचं बाळ आले. पोलादपूरच्या वर आंबेनळीच्या रस्त्याला त्यांची वाडी. पहिलं बाळंतपण म्हणून बहीण माहेरी आलेली. बाळ अडतीस दिवसांचं होतं. सव्वा महिना नुकताच संपला होता आणि त्याआधी बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. डोळे पिवळे होते. बाळाला कोवळ्या उन्हात धरा असं कुणीतरी सांगितलेलं, ते दारातल्या दारात करून झालं होतं.

मामा मुंबईत एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटीला. शर्ट कडक इस्त्रीचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, तेही सुट्टीवर असताना. मी बाळाच्या आईला विचारलं की अंगावर नीट पितं का. तिने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, फीडिंग एकदम ओके आहे सर. त्या ‘सर’ने मी विरघळलो. असा समंजस, मुद्देसूद बोलणारा नातेवाईक आमच्या ओपीडीत महिन्यातून एखादाच. मग मी मुख्य प्रश्न विचारला, आणि कसा विचारला ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यानंतर मी तो मनात शेकडो वेळा ऐकला आहे.

“शी पिवळीच होते ना?”

“येल्लो सर. फुल येल्लो.”

बाळाची आई कुंचीची किनार बोटाने कुरतडत होती. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि लिहिलं: माहिती देणारा, मामा. भरवसा, उत्तम. शी, पिवळी. खाली माझं निदान, आईच्या दुधामुळे रेंगाळलेली साधी कावीळ, आपोआप जाईल. सरांनी कागद वाचला, पोट दाबलं, बाहेर वाट बघणाऱ्या गर्दीकडे एकदा पाहिलं आणि दोन आठवड्यांनी परत आणा म्हणाले, तेव्हाही कावीळ असली तर रक्त तपासू. रक्त त्याच दिवशी तपासायला हवं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच सगळ्यांसमोर कबूल केलं. पण त्या दिवशी ते माझ्या कागदावर विसंबले होते, आणि माझ्या निदानाखाली त्यांनी बरोबरची खूण केली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

दोन आठवड्यांनी तेच तिघे आले. बाळ बावन्न दिवसांचं. डोळे आधीपेक्षा जास्त पिवळे. तरी मी ओळखीचं हसून मामाला विचारलं, काय, बरं आहे ना? सरांनी बाळाकडे पाहिलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. शी कशी, असं त्यांनी विचारलं. येल्लो, मामा म्हणाला.

“कोणी पाहिली?”

मामाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जमिनीकडे. मी कसा बघणार सर, मामा म्हणाला, ते घरात बाया बघतात. सरांनी बहिणीला विचारलं. ती अगदी हळू म्हणाली की बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही, तेव्हा लंगोट बदलायचं आणि पऱ्यावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, नेऊन धुवायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची विधवा बहीण. आई लहानपणीच गेली म्हणून या दोघा भावंडांना तिनेच वाढवलेलं. ती कुठे आहे, तर घरी. हॉस्पिटलात कशाला आणायची तिला, मामा म्हणाला, तिला काय कळतंय.

सरांनी माझा जुना कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. माहिती देणारा, मामा. भरवसा, उत्तम. मागे उभी असलेली सगळी पोरं हसली, नर्सही हसली. सर हसले नाहीत. त्यांनी बाळाचा लंगोट सोडून बघितला. शी नव्हती, पण लघवीचा गडद पिवळा डाग होता. असा डाग तान्ह्या बाळाचा पडायला नको. त्यांनी लगेच रक्त घ्यायला लावलं. मग दारामागे गेले, माझी बॅग खिळ्यावरून काढून खाली ठेवली, तक्ता काढला आणि माझ्या हातात दिला. रिपोर्ट उद्या येईल, शी आज दिसेल, ते म्हणाले, ज्याने लिहिली त्याने जाऊन बघून यायची.

अशा रीतीने पाच-सहा वर्षांच्या शिक्षणानंतर मी एक शी पाहण्यासाठी महाडहून पोलादपूरच्या रिक्षात बसलो. मांडीवर तक्ता उलटा धरला होता, शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून. तिने विचारलंच, काय कॅलेंडर आहे का? मी हो म्हणालो. पोलादपूरला जीप बदलली, घाटाच्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर उतरून चढायला सुरुवात केली. बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं. त्याने निदान हॉस्पिटलात तरी शी करायला हरकत नव्हती, असा मला त्याचा रागही आला. मामा गळ्यातलं ओळखपत्र खिशात घालून माझ्या मागून चालत होता. अर्ध्या चढावर त्याने विचारलं की काही वाईट आहे का. या वेळी त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. मी म्हणालो, अजून काही सांगता येत नाही. मला सांगता येत होतं.

त्या चढावर मला माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण आठवलं. तुडीलला आमच्याही घरी लंगोटांचा पिळा घेऊन सावित्री नदीवर जायची ती आमची आत्याच, आणि भाच्याला डॉक्टरकडे घेऊन जायचे ते आमचे काका, कारण ते चारचौघांत बोलणारे. जी धुते ती दवाखान्यात जात नाही आणि जो दवाखान्यात जातो त्याने लंगोटाला हात लावलेला नसतो. आमच्याकडे सगळ्या घरांत हे असंच चालतं आणि मी ते महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलेलं. मुंबई-पुण्याच्या पोरांना हे माहीत नसणार, त्यांना माफ. मला माहीत होतं. कोट घातला की मी हे घरी ठेवून येत होतो, आणि वर इथलाच म्हणून मिरवत होतो.

आत्या अंगणात बसून सुपात नाचणी पाखडत होती. मी घसा साफ करून म्हणालो की बाळाच्या शौचाच्या रंगाविषयी थोडी माहिती हवी होती. तिने सूप थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे, हा काय म्हणतो म्हणून. मग मी चपला काढल्या, खाली बसलो आणि घरी बोलतो तसं विचारलं, “आत्ये, पोराची शी कशी होते, ती दाखीव ना यात.”

तिने हात पदराला पुसले, तक्ता घेतला आणि अंगणाच्या कडेला उजेडात जाऊन उभी राहिली. ब्लाउजपीसचा रंग जुळवताना बायका बघतात तसं ती प्रत्येक फोटो निरखत होती. मग वरच्या ओळीवर बोट ठेवलं. मी खालच्या ओळीकडे बोट दाखवलं, अशी नाही होत का? पयल्या आठवड्यात व्हायची, ती म्हणाली, मग हळूहळू पेजेवानी पांढरी व्हायला लागली. पोर नुसतं दुधावर हाय, तर दुधावानीच व्हनार, असं तिला वाटलेलं. मी विचारलं की मग कोणाला सांगितलं का नाही.

“मला कोनी इचारलं नाय.”

ती हे रागाने म्हणाली नाही. पाणी आटलं, भात कापून झाला, असं सांगावं तसं म्हणाली. त्या बाईला रंग, तो कधी बदलला तो आठवडा, लघवीचे डाग कितीदा घासूनही निघत नाहीत हे, सगळं तोंडपाठ होतं. माझ्या परीक्षेतली दोन पानं तिच्याकडे होती आणि आकृतीची तिला गरज नव्हती.

तरी डोळ्यांनी बघायचं बाकी होतं. आत्याने कोरा चहा केला. आम्ही चौघं ओटीवर बाळाकडे बघत बसलो. मी आयुष्यात परीक्षेच्या निकालाची वाट पाहिली आहे, पण कोणाच्या शीची इतक्या आतुरतेने कधी पाहिली नव्हती. बाळ प्यायलं, झोपलं, उठलं, परत प्यायलं. शेवटी त्याचं तोंड लाल झालं आणि आत्या उठली. तिने लंगोट सोडून माझ्यापुढे धरला. पांढुरकी, पेजेसारखी, तिने सांगितली तशीच. तक्ता शेजारी धरायचीही गरज नव्हती.

मला भीती वाटली, ती बाळासाठी. हे मी आज लिहितो आहे, पण खरं सांगायचं तर ती दुसरी. पहिली भीती माझ्या कागदाची वाटली. तो कागद फाइलमध्ये माझ्या बॅगेत होता, पेन खिशात होतं, आणि ‘पिवळी’च्या आधी ‘फिकट’ एवढाच एक शब्द मावण्याइतकी जागा त्या ओळीत होती. मी फाइल काढलीही. आत्या लंगोटाची घडी करता करता म्हणाली, तू काय लिवलं होतंस रे? मी म्हणालो, पिवळी.

“तू बघितलीस?”

“नाय.”

“मग लिवलंस कसं?”

मी पेन परत खिशात ठेवलं. मामा पायरीवर डोकं धरून बसला होता. तो बहिणीवर खेकसला की तुला तर दिसत होतं, तू तरी बोलायचंस. ओपीडीत दोन्ही वेळा मान खाली घालून बसलेली ती मुलगी आत्ता मात्र मान वर करून बोलली.

“तू बोलत होतास ना.”

फोनला रेंज यायची ती खाली रस्त्याच्या वळणावर, म्हणून मी उतरून तिथून सरांना फोन केला. माझं सांगून होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. रिपोर्टची वाट बघू नका, ते म्हणाले, उद्या सकाळी बाळाला मुंबईला घेऊन या, मी बेडची सोय करतो. बोलून झाल्यावर त्यांनी परत फोन केला आणि जी लंगोट बदलते तिलाही आणा म्हणाले. मलाही यायचं होतं, पेशंटची माहिती सगळ्यांसमोर मांडायला आणि बाळ घरी जाईपर्यंत तिथेच थांबायला. ती शिक्षा होती हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो.

आत्याला मुंबईत कसं सांभाळायचं याची मला काळजी होती. निघाल्यावर कळलं की नवरा होता तेव्हा तिने मुंबईत बारा वर्षं संसार केलेला. हॉस्पिटलच्या स्टॉपला कुठली बस जाते ते तिने मामाला सांगितलं, मामाने नाही. वॉर्डात नर्सने बाळाला डायपर घातला तेव्हा आत्याने तो काढून ठेवला, यात नीट दिसत नाही म्हणाली, आणि पिशवीतून जुन्या लुगड्याच्या मऊ लंगोटांची चळत काढली. नर्स तक्रार घेऊन सरांकडे गेली. सरांनी नर्सलाच गप्प केलं.

मी वीस-पंचवीस विद्यार्थ्यांसमोर माझा कागद वाचला, भरवशाच्या रकान्यासकट. सत्तावन्नाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितलं की वाट केली आहे, पित्त उतरेल की नाही ते आमच्या हातात नाही, आणि उतरलं तरी पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल. उतरलं की नाही हे मशीनआधी शीच सांगेल. मी मनात हिशेब मांडत होतो, माझ्या एका शब्दाने बाळाचे चौदा दिवस खाल्ले होते. ते परत करता येत नाहीत. दोन दिवस मी नीट जेवलो नाही, आणि याचं कोणी कौतुक करावं असंही मला वाटत नव्हतं.

बाळ पुन्हा दूध प्यायला लागल्यावर पहिली शी झाली, ती पांढरी. दुसऱ्या दिवशीही पांढरी. बाळाची आई खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसून राहायची. मामाने सुट्टी वाढवून घेतली होती. आता कोणी काही विचारलं की तो आधी आत्याकडे बघायचा.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी सकाळी सरांचा राऊंड आला. सर, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे आम्ही, असा सगळा लवाजमा खाटेभोवती उभा राहिला. सरांनी शीबद्दल विचारलं. निवासी डॉक्टर झटकन म्हणाली, यलो, सर. सरांनी तिच्याकडे पाहिलं. कोणी पाहिली? तिने नर्सकडे पाहिलं, नर्सने भिंतीवरच्या तक्त्याकडे, आणि मला माझाच चेहरा आरशात दिसल्यासारखं झालं. पण या वेळी हसायला कोणाला सुचलं नाही, कारण सर वळले आणि आत्याला म्हणाले, मावशी, तुम्ही सांगा.

आत्याने घाई केली नाही. तिने लंगोट सोडला, घेऊन खिडकीशी गेली, तक्ता मागितला आणि तो लंगोटाशेजारी धरून उजेडात उभी राहिली. तिने आधी खालची ओळ पाहिली, मग वरची, मग पुन्हा खालची. वीस-बावीस शिकलेली माणसं तिच्या पाठीकडे बघत होती.

“काल नव्हती,” ती म्हणाली. “आज पिवळी हाय.”

बाळाच्या आईने पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सरांनी मान हलवली आणि लिहून घ्या म्हणाले. फाइल माझ्या हातात होती. माझे डोळे भरून आले होते, तशातच मी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि रकान्यावर हात टेकवणार एवढ्यात आत्या खिडकीपासून परत आली आणि तिने लंगोट थेट माझ्या नाकासमोर धरला.

“आधी तू बघ,” ती म्हणाली. “मग लिव.”